मास्टर दीनानाथ मंगेशकर पुरस्कार

संगीत, नाटक, चित्रपट, साहित्य, पत्रकारिता आणि समाजसेवा या क्षेत्रांत मोठे काम केलेल्यांना दरवर्षी दिले जाणारे पुरस्कार. गायक-नट मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या पुण्यतिथीला, २४ एप्रिलला, ते दिले जातात. अलीकडची अनेक वर्षे हा सोहळा मुंबईत होतो. मंगेशकर कुटुंबीयांचे मास्टर दीनानाथ मंगेशकर स्मृती प्रतिष्ठान तीन दशकांहून अधिक काळ हे पुरस्कार देत आले आहे. हृदयनाथ मंगेशकर प्रतिष्ठानचे अध्यक्ष आहेत.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यातील मंगेशी येथे झाला. किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडून त्यांनी १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासोबत बळवंत संगीत मंडळी काढली. त्यांची तडफदार, झपाट्याची तान ऐकायला प्रेक्षक गर्दी करत. बोलपट आल्यावर संगीत नाटकाला उतरती कळा लागली आणि कंपनी कर्जात बुडाली. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात ते वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे ४१ होते. थोरली लता बारा वर्षांची, तर धाकटे हृदयनाथ साडेचार वर्षांचे होते. पुरस्कारांसाठी निवडलेला दिवस हाच आहे. घरातल्या माणसाच्या तिथीला चार जाणत्यांना बोलवावे, गाणे व्हावे, कुणाचा तरी सत्कार व्हावा, ही मराठी घरांतली जुनी रीत आहे. मंगेशकरांनी ती घराबाहेर, भरल्या सभागृहात आणली.

एकाच मंचावर गायक, नट आणि पत्रकार यांचा सन्मान होतो, याचे नवख्या माणसाला नवल वाटते. मराठीत मात्र ही तिन्ही माणसे एकाच आळीतली. दीनानाथांची धैर्यधराची भूमिका गाजली ती ‘संगीत मानापमान’मध्ये. १९११ साली रंगभूमीवर आलेले हे नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, आणि खाडिलकर म्हणजे ‘केसरी’चे संपादक. १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत ‘नवाकाळ’ सुरू केला. त्यांचे ‘कीचकवध’ तर इंग्रज सरकारने राजद्रोही ठरवून बंद पाडले होते. अग्रलेख आणि नाट्यपदे एकाच लेखणीतून उतरत होती. पुढे आचार्य अत्र्यांनी हाच वसा चालवला. नाटके लिहिली, ‘श्यामची आई’ या चित्रपटाला १९५४ मध्ये पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवून दिले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १९५६ पासून दैनिक ‘मराठा’ चालवले. २०२४ मध्ये पत्रकारितेसाठी सन्मान झाला तो भाऊ तोरसेकर यांचा. त्यांच्या पत्रकारितेची सुरुवातही अत्र्यांच्या ‘मराठा’तूनच झाली होती. त्याच वर्षीच्या यादीत ए. आर. रहमान आणि अशोक सराफ हेही होते. पत्रकाराला वेगळ्या दालनात न बसवता कलावंतांच्या रांगेत बसवणे, हे या पुरस्कारांचे मोठे वैशिष्ट्य मानले पाहिजे.

मुख्य पुरस्कारांच्या जोडीला काही पुरस्कार वेगळ्या नावांनी दिले जातात. साहित्यासाठीच्या ‘वाग्विलासिनी’ पुरस्काराचे नाव ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातल्या शारदावंदनातून आले आहे. २०२३ मध्ये तो ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीला मिळाला. उत्कृष्ट नाटकाचा पुरस्कार मोहन वाघ यांच्या नावाने आहे. वाघ हे नामवंत छायाचित्रकार, आणि ‘चंद्रलेखा’ या नाट्यसंस्थेचे निर्मातेही. ‘संज्या छाया’, ‘गालिब’ ही नाटके या पुरस्काराची मानकरी ठरली आहेत. समाजसेवेसाठी ‘आनंदमयी’ पुरस्कार दिला जातो.

२०२२ चा आनंदमयी पुरस्कार मुंबईच्या डबेवाल्यांच्या संस्थेला, नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्सला मिळाला. त्याचे मोल कळायला त्याआधीची दोन वर्षे आठवावी लागतात. टाळेबंदीत लोकल बंद, कचेऱ्या बंद, म्हणून डबेही बंद. मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडची ही माणसे गावी परतली, काहींनी शेती धरली. गांधी टोपी घालून, डब्यांनी भरलेली लाकडी पाटी डोक्यावर घेऊन लोकलच्या मालडब्यात चढणारा हा माणूस मुंबईला रोज दिसतो, पण त्याला मानाने मंचावर बोलवायचे शहराला सहसा सुचत नाही. चित्रपटतारकांची नावे वर्तमानपत्रांत मोठ्या टायपात छापून येतात आणि बाकीची नावे बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात जातात. खरे तर ती बातमी शेवटून वाचावी.

६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर यांचे निधन झाले. त्यानंतर त्याच वर्षीपासून राष्ट्र आणि समाजासाठी दिलेल्या योगदानाबद्दल लता दीनानाथ मंगेशकर पुरस्कार सुरू झाला. पहिला पुरस्कार पंतप्रधान नरेंद्र मोदी यांना षण्मुखानंद सभागृहात देण्यात आला. २०२३ मध्ये आशा भोसले, २०२४ मध्ये अमिताभ बच्चन आणि २०२५ मध्ये उद्योगपती कुमार मंगलम बिर्ला हे मानकरी होते. त्यामुळे वडिलांच्या आणि लेकीच्या नावाचे पुरस्कार आता एकाच संध्याकाळी दिले जातात.

किंग्ज सर्कलजवळचे षण्मुखानंद हे मुंबईतल्या सर्वांत मोठ्या सभागृहांपैकी एक. २०२४ चा सोहळा मात्र विलेपार्ले पूर्वेच्या महापालिकेच्या नाट्यगृहात झाला. त्या नाट्यगृहाला दीनानाथांचेच नाव आहे. तिथे सन्मान झालेल्यांत पद्मिनी कोल्हापुरे होत्या. बळवंत मंडळीतले दीनानाथांचे भागीदार कृष्णराव कोल्हापुरे हे त्यांचे आजोबा. पुढच्या वर्षी पद्मिनींची भाची श्रद्धा कपूर हिलाही हा पुरस्कार मिळाला.