करडईचा गुलाबी, केन्याचा निळा

जपानच्या काबुकी नाटकांत बायकांच्या भूमिका पुरुषच करत. सरकारी हुकमाने या नटांना कपाळावरचे केस भादरावे लागत, म्हणून ते तिथे जांभळं रेशमी फडकं बांधत. एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, लाकडी ठशांनी छापलेली नटांची चित्रं बाजारात मिळत. आज त्यांतल्या पुष्कळ प्रतींत ते फडकं मातकट दिसतं. छापणारा चुकला नव्हता, रंग उडाला.

हा जांभळा बहुधा दोन फुलांचा मिळून होई. निळा मिळे तो केना या आपल्याकडच्या तणाच्या भाऊबंदाकडून. लाल मात्र थेट करडईचा, जी सोलापूर-मराठवाड्यात आपण तेलासाठी पेरतो तीच. या पाकळ्यांचं मला फार नवल वाटतं. त्यांत पिवळा रंग भरपूर आणि लाल अगदी नावापुरता असतो. पिवळा पाण्यात विरघळतो, लाल विरघळत नाही. म्हणून पाकळ्या पुन्हापुन्हा धुऊन आधी पिवळा काढून टाकायचा. मग राखेच्या क्षारयुक्त पाण्यात त्या भिजवल्या की लाल सुटतो, आणि त्यात आंबट घातलं की तो साक्यासारखा तळाशी बसतो.

एवढ्या खटपटीने मिळालेल्या या लालाचं, कार्थामिनचं, उजेडाशी वाकडं. प्रकाशाने त्याचे रेणू मोडतात आणि गुलाबी फिकट होत जातो. केन्याच्या निळ्याला तर ओलसुद्धा सोसत नाही. किमोनोवर नक्षी काढणारे कारागीर कच्च्या रेघा याच रंगाने मारत, कारण पाणी लागलं की त्या पुसल्या जात.

शाराकु या चित्रकाराने 1794-95च्या जेमतेम दहा महिन्यांत सुमारे 140 चित्रं केली. त्याच्या नटांच्या मोठ्या चेहऱ्यांमागे अभ्रकाची चमकती पूड आहे. ते खनिज, आणि बाह्यरेषांची शाई काजळीची, म्हणून दोन्ही टिकली. पुढे 1830च्या सुमारास बर्लिनचा निळा, म्हणजे प्रशियन ब्लू, जपानी छपाईत रुळला. तो लोखंडाचा संयुग, त्यामुळे त्या काळानंतरची निळाई अजून खणखणीत आहे.

जुने रंग पाहायचे तर अंधारात राहिलेल्या प्रती शोधाव्या लागतात. स्पॉल्डिंग या संग्राहक बंधूंनी 1921 मध्ये आपली साडेसहा हजारांच्या आसपास जपानी छापचित्रं बोस्टनच्या कलासंग्रहालयाला दिली, ती प्रदर्शनात कधीच मांडायची नाहीत या अटीवर. त्या संग्रहातले जांभळे अजून जांभळेच आहेत.