विंडोची सजावट

संगणकाच्या पडद्यावर उघडलेल्या विंडोची चौकट, शीर्षकपट्टी, पट्टीवरची बटणे, कडा, कोपरे आणि सावली यांचे रूप वापरणाऱ्याने स्वतःच्या सोयीने किंवा आवडीने बदलणे म्हणजे विंडोची सजावट. विंडोच्या आतला मजकूर यात येत नाही, त्याच्या भोवतीचे सगळे येते. पार्श्वभूमीचे चित्र किंवा आयकॉन बदलणे हे शेजारचे उद्योग. बोलताना सगळ्यालाच ‘थीम बदलणे’ म्हणतात, पण चौकटीची गोष्ट वेगळी आहे. पार्श्वभूमीला कोणते चित्र लावावे यावरून सहसा कोणी भांडत नाही. चौकट मात्र प्रोग्रॅमची, कार्यप्रणालीची की वापरणाऱ्याची, यावरून चाळीस वर्षे ओढाताण चालू आहे. कोणत्या संगणकावर काय बदलता येते, ते या ओढाताणीत कोणाची सरशी झाली त्यावर ठरते.

चौकट मुळात शोभेसाठी आलीच नव्हती. १९८४ च्या मॅकिंटॉशवर चालू विंडोच्या शीर्षकपट्टीत आडव्या रेघा असत; दुसऱ्या विंडोवर क्लिक केले की पहिलीच्या रेघा जात. टाइप केलेले अक्षर कुठे उमटणार, हे त्या रेघा सांगत. १९८५ च्या विंडोज १.० मध्ये विंडो फरशांसारख्या शेजारी शेजारी बसत. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर येऊ लागल्या, तेव्हा कोणती कुठे संपते हे दाखवणारी कड आणखी गरजेची झाली. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रंगसंगती बदलण्याची सोय होती. त्यातली ‘हॉट डॉग स्टँड’ नावाची लाल-पिवळी रंगसंगती इतकी भडक होती की आजही ती विनोदाचा विषय आहे. त्या काळी विंडो बंद करायला डाव्या कोपऱ्यातल्या चौकोनावर डबल क्लिक करावे लागे. उजवीकडची फुली विंडोज ९५ मध्ये आली.

चौकट खऱ्या अर्थाने वापरणाऱ्याच्या हाती दिली ती एक्स विंडो सिस्टिमने. १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या या प्रकल्पाची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली आणि युनिक्स या कार्यप्रणालीच्या जगात तीच रूढ झाली. पडद्यावर चित्र काढण्याची यंत्रणा तेवढी पुरवायची, विंडो कशी दिसावी हे ठरवायचे नाही, असा तिच्या कर्त्यांचा बाणा होता. त्यामुळे चौकट काढण्याचे काम विंडो मॅनेजर नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे गेले. प्रोग्रॅम फक्त उघडी विंडो मागतो. मॅनेजर तिच्याहून थोडी मोठी विंडो तयार करतो आणि फोटो फ्रेममध्ये सरकवावा तशी ती आत बसवतो. याला रीपेरेंटिंग म्हणतात. आपल्याभोवती कसली चौकट आहे याची प्रोग्रॅमला फिकीर नसते, म्हणून एकही प्रोग्रॅम न बदलता सगळ्या विंडोंचे रूप पालटता येते. ट्वम, एफव्हीडब्ल्यूएम, विंडो मेकर, एन्लाइटनमेंट अशी विंडो मॅनेजरांची रांगच मग लागली. यांतल्या बहुतेकांत रंग, कडेची जाडी, बटणे हे सगळे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठरवता येई.

एखादी थीम आतून कशी असते हे लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवरच्या एक्सएफसीई या डेस्कटॉपवर सोप्यात सोपे दिसते. थीमच्या फोल्डरमध्ये छोट्या छोट्या चित्रांचा ढीग असतो. शीर्षकपट्टी एकसंध नसते. तिचे पाच तुकडे केलेले असतात. मधला तुकडा नावामागे बसतो, त्याच्या दोन्ही अंगांचे तुकडे नावाची टोके सांभाळतात आणि बाहेरचे दोन विंडोच्या रुंदीप्रमाणे पुन्हा पुन्हा उमटत जागा भरून काढतात. प्रत्येक तुकडा दोनदा लागतो, चालू विंडोसाठी एक आणि मागे पडलेल्या विंडोसाठी एक. बंद करण्याच्या बटणाला तिसरे, दाबलेल्या अवस्थेचे चित्रही लागते. यातली मेख अशी की कडेची जाडी चित्राच्या जाडीवरून ठरते. थीम करणाऱ्याने एक पिक्सेलची नाजूक कड काढली की विंडो मोठी करताना माउसने तोच एक पिक्सेल पकडावा लागतो. दिसायला सुरेख, वापरायला ताप. अनुभवी माणूस मग कडेच्या नादी लागत नाही. ऑल्ट दाबून विंडोत कुठेही उजव्या बटणाने ओढतो. विंडोज १० ने याच दुखण्यावर वेगळा उपाय केला. तिथली कड दिसते एक पिक्सेलची, पण तिच्या बाहेर न दिसणारी पट्टी असते आणि माउस ती पकडतो. लक्ष्य जितके मोठे आणि जवळ तितका हात लवकर पोहोचतो, हा पॉल फिट्स यांचा १९५४ चा नियम इथे पुरेपूर लागू पडतो.

मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल यांनी चौकट आपल्याच ताब्यात ठेवली. २००१ च्या विंडोज एक्सपीत पट्ट्या, बटणे, कोपरे बदलू शकणारी यंत्रणा होती, पण तिचे दार कुलूपबंद होते. निळा, ऑलिव्ह आणि चंदेरी एवढेच रंग मिळत, आणि मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही नसलेली थीम प्रणाली उघडतच नसे. हौशी लोकांनी ही सही तपासणारी यूएक्सथीम ही फाइलच बदलून टाकली. प्रणाली अद्ययावत झाली की मूळ फाइल परत येऊन बसण्याची आणि सगळी मेहनत वाया जाण्याची धास्ती असे. ज्यांना ही झटापट नको होती ते स्टारडॉक कंपनीचे विंडोब्लाइंड्स हे सॉफ्टवेअर घेत. ते १९९८ पासून मिळत होते. जुन्या मॅकवर हेच काम कॅलिडोस्कोप नावाचा प्रोग्रॅम करत असे. मॅक ओएस टेनच्या ॲक्वा रूपात मात्र कंपनीने दिलेली निवड निळा की ग्रॅफाइट एवढ्यावर आली. ग्रॅफाइट घेतले की लाल, पिवळी, हिरवी ही तिन्ही बटणे करडी होतात.

सावली आणि पारदर्शकता यांची वाट वेगळ्याच कारणाने अडली होती. पूर्वी सगळ्या विंडो पडद्याच्या एकाच स्मृतीत थेट रंगवल्या जात. वरची विंडो हलली की खालच्या प्रोग्रॅमला तेवढा भाग पुन्हा काढायला सांगावे लागे. प्रत्येक विंडो आधी आडोशाला पूर्ण रंगवायची आणि मग सगळ्या एकत्र मांडायच्या, ही कंपोझिटिंगची पद्धत २००१ मध्ये मॅक ओएस टेनने आणली. एक्समध्ये तिची सोय २००४ मध्ये झाली, आणि विंडोज व्हिस्टाच्या काचेसारख्या एअरो चौकटी तिच्याच जोरावर उभ्या राहिल्या. लिनक्सवर २००६ मध्ये आलेल्या कॉम्पिझ या विंडो मॅनेजरमुळे ओढलेली विंडो जेलीसारखी थरथरू लागली. त्याचा कामाला उपयोग शून्य, पण लिनक्स पाहुण्यांना दाखवायला त्याच्याइतके चांगले काही नव्हते. पुढे विंडोज ८ ने काच काढून सगळे सपाट केले, आणि २०२१ च्या विंडोज ११ मध्ये कोपरे पुन्हा गोल झाले.

बटणे डावीकडे की उजवीकडे, हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्न. २०१० मध्ये उबुंटूने, म्हणजे लिनक्सच्या एका वितरणाने (तयार संचाने), १०.०४ या आवृत्तीत ती डावीकडे नेली तेव्हा केवढे काहूर उठले! हाताला लागलेले वळण एका रात्रीत मोडले होते. २०१७ च्या १७.१० आवृत्तीत ती उजवीकडे परतली. ग्नोम या लिनक्सवरच्या आणखी एका डेस्कटॉपमध्ये हा सगळा प्रकार एका ओळीचा आहे. सेटिंगमध्ये बटणांची नावे स्वल्पविराम देऊन लिहायची आणि मध्ये एक अपूर्णविराम टाकायचा. अपूर्णविरामाच्या आधीची नावे पट्टीच्या डाव्या टोकाला जातात, नंतरची उजव्या. एखादे नाव गाळले की ते बटणच दिसेनासे होते.

ग्नोमचे प्रोग्रॅम ज्यावर बांधतात त्या जीटीके या साधनसंचाच्या २०१३ च्या ३.१० आवृत्तीत हेडर बार आली आणि पारडे प्रोग्रॅमकडे झुकले. शीर्षकपट्टी आणि टूलबार एकत्र करून प्रोग्रॅमच स्वतःची चौकट काढू लागला. जागा वाचली, पण विंडो मॅनेजरची थीम अशा विंडोला लागू होईना. टॅब थेट शीर्षकपट्टीत बसवणारे ब्राउझर त्याआधीच आले होते. परिणामी एकाच पडद्यावर तीन तऱ्हेच्या चौकटी दिसू लागल्या. एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडवर हा मतभेद उघड आहे: चौकट प्रोग्रॅमने काढावी असे ग्नोमचे म्हणणे, तर केडीई हा दुसरा डेस्कटॉप ती स्वतः काढून द्यायला तयार असतो. केडीईत एखाद्या ठरावीक प्रोग्रॅमचीच चौकट काढून टाकण्याचा नियमही करता येतो.

२०१९ मध्ये ग्नोमसाठी ॲप करणाऱ्या काही विकसकांनी लिनक्स वितरणांना खुले पत्र लिहिले की आमच्या ॲपना परस्पर थीम लावू नका. गडद थीममध्ये काळ्यावर काळे आयकॉन दिसेनासे होतात आणि बोलणी ॲप लिहिणाऱ्याला बसतात, हे त्यांचे गाऱ्हाणे खरे होते. आपल्या संगणकावर स्वतः खटपट करणाऱ्यांबद्दल तक्रार नाही, हेही त्यांनी लिहिले होते. वादाच्या धुराळ्यात ते वाक्य फारसे कोणी वाचले नाही. २०२१ च्या अखेरीस आलेल्या लिबअद्वैता या ग्नोम ॲपसाठीच्या साधनसंचाने स्वतःचे रूप जवळजवळ पक्के करून टाकले. तरी लोक आपल्या फोल्डरमध्ये रंगरूप ठरवणारी सीएसएस फाइल ठेवून ते बदलतातच.

या हौसेला चेष्टेने ‘राइसिंग’ म्हणतात, पण कमी दिसणाऱ्यांना जाड कड, ठळक शीर्षक आणि तीव्र रंगभेद असलेली थीम ही गरज असते. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा चालू आणि मागच्या, दोन्ही विंडोंच्या पट्ट्या पांढऱ्या होत्या. धडधाकट डोळ्यांनाही चालू विंडो शोधावी लागे. रंगाचा पर्याय त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अपडेटमध्ये मिळाला.

टायलिंग, म्हणजे विंडो फरशांसारख्या शेजारी शेजारी बसवणारे, विंडो मॅनेजर वापरणाऱ्यांनी या भांडणातून अंगच काढून घेतले. २००६ च्या डीडब्ल्यूएममध्ये विंडोला शीर्षकपट्टी नाही, बटणे नाहीत, आहे ती एक बारीक कड. चालू विंडोची कड एका रंगाची, बाकीच्यांची दुसऱ्या. तो रंग बदलायचा तर सी भाषेतली एक फाइल उघडून त्यात रंगाचा आकडा लिहायचा आणि अख्खा प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करायचा, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात नव्याने तयार करायचा.