गुप्तधन (विदर्भ)

पूर्वी कोणीतरी जमिनीत, भिंतीत किंवा गढीच्या बुरुजात पुरून ठेवलेले आणि आज ज्याचा धनी सांगता येत नाही असे द्रव्य. विदर्भातील खेड्यांत त्याला नुसते ‘धन’ किंवा ‘हंडा’ म्हणतात. एखाद्या घराची परिस्थिती दोन वर्षांत पालटली, की ‘त्याले हंडा सापडला’ असे गाव बोलू लागते.

या समजुतीला इतिहासाचा आधार आहे. पेढी नव्हती, वाटा सुरक्षित नव्हत्या, तेव्हा मौल्यवान वस्तू पुरणे हाच शहाणपणा होता. वऱ्हाडात ज्वारीसुद्धा जमिनीखालच्या पेवात ठेवत. दागदागिने आणि रुपये त्याच वाटेने गेले. देवगड आणि चांदा येथील गोंड राज्ये नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेली, गाविलगड 15 डिसेंबर 1803 रोजी इंग्रजांनी घेतला, आणि 1817–18 च्या इंग्रज-मराठा युद्धापर्यंत पेंढाऱ्यांच्या टोळ्या गावे लुटत राहिल्या. धाड आली की माणसे पळत. पुरणारा परतला नाही, तर जागा त्याच्याबरोबर गेली.

राजघराण्यांच्या खजिन्यांचे मात्र वेगळे झाले. तिसरे रघुजी भोसले 1853 मध्ये वारले, 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि राजवाड्यातील जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन लिलावात विकले गेले. पहिल्या रघुजींची तलवार 2025 मध्ये लंडनला लिलावात आली, तेव्हा महाराष्ट्र शासनाने ती विकत घेऊन परत आणली. म्हणजे भोसल्यांचा माल शोधायचा तर तो गढीखाली नव्हे, दूरच्या लिलावांत शोधावा लागतो. तरीही पडक्या गढ्या, महादेवाची हेमाडपंती देवळे आणि ‘रिठ’, म्हणजे उठून गेलेल्या गावांच्या जागा, आजही धनाच्या जागा मानल्या जातात.

पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाला धन दिसते, धनावर नाग बसलेला असतो, नशिबात नसेल तर हंडा जमिनीतल्या जमिनीत सरकतो, लक्ष्मी स्वप्नात येऊन ‘मला काढ’ म्हणते, अशा कथा घरोघरी सांगितल्या जातात. ऐकायला त्या गोड आहेत. पण त्यांच्याच आधाराने मांत्रिक अमावस्येचे खोदकाम ठरवतो, शेतकऱ्याकडून पूजेसाठी पैसे उकळतो आणि एखाद्या वेळी नरबळीपर्यंत मजल जाते. मांडूळ हा निरुपद्रवी साप धन दाखवतो म्हणून पकडला आणि विकला जातो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 प्रमाणे तो गुन्हा आहे. नागपूरहून 1982 पासून चाललेल्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आणि पुढे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीच्या अघोरी कृत्यांचा विचार ठळकपणे आहे. या कायद्याखाली सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो.

धनाचे जे चित्र डोळ्यांपुढे येते त्यात हिंदी पोशाखी चित्रपटांचा वाटा मोठा आहे. अमरावती हे वऱ्हाडातील चित्रपट वितरणाचे जुने केंद्र, आणि यात्रेतल्या तंबूत ‘राजा-राणीचा पिक्चर’ हमखास चाले. हरवलेला युवराज, कपटी सेनापती, दोन तुकडे झालेला नकाशा, कळ फिरवताच सरकणारी शिळा आणि आत मशालीच्या उजेडात चमकणारे ढीग: ही मांडणी इतकी ओळखीची झाली, की गढीखाली भुयार आणि भुयारात दालन असणारच, असे सांगणारा माणूस जवळपास प्रत्येक गावात भेटतो. त्या पडद्यावर खजिन्याला नेहमी वारस असतो, आणि शेवटी तो त्यालाच मिळतो.

कायद्याला वारस शोधावा लागतो. भारतीय निखात निधी अधिनियम, 1878 अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास सापडवणाऱ्याने काय सापडले, कुठे आणि केव्हा हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे आणि माल सरकारी कोषागारात ठेवायचा किंवा जामीन द्यायचा. मग जाहीर सूचना निघते, हक्क सांगणाऱ्यांची चौकशी होते. धन बेवारस ठरले आणि वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला आणि चौथा जागेच्या मालकाला मिळतो. शासनाला ते ठेवून घ्यायचे असेल, तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त द्यावा लागतो. लपवणाऱ्याचा हिस्सा मात्र सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गावात ‘सरकार सगळंच नेते’ असा समज पक्का आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यापायीच नाणी रातोरात सोनाराच्या मुशीत जातात.

जे वाचले त्याची किंमत तोळ्यांत सांगता येत नाही. आजच्या वाशिम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा येथे 1939 मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. नाणी सोन्याची नव्हती, चांदीचीही नव्हती. पोटीन या मिश्रधातूची होती. नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी ती वाचली, आणि पुराणांच्या राजावळीत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे राजे उजेडात आले. त्याच वर्षी वाशिमच्या ताम्रपटाने वाकाटक या प्राचीन राजघराण्याची वत्सगुल्म शाखा प्रकाशात आणली. दुसऱ्या विंध्यशक्तीने राज्याच्या 37 व्या वर्षी दिलेले हे दान. वंशावळ संस्कृतात, पुढचा मजकूर प्राकृतात. वत्सगुल्म म्हणजे वाशिमच.

अशा वस्तू मातीच्या थरांतून वाचल्या जातात. कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी नाणे होते, यावर त्याचा काळ ठरतो. रिठावरची पांढरी माती खत म्हणून वावरात नेली जाते आणि गढीची माती भिंतींना लागते, तेव्हा हे थर हळूहळू संपतात. धनासाठी रात्रीतून पाडलेला खड्डा ते एकदम उलटेपालटे करतो. त्यात काही न सापडताच खोदणारे निघून जातात, आणि सकाळी खड्ड्याच्या काठावर काळ्या-तांबड्या खापरांचा ढीग पडलेला असतो.