इन्सुलिन रेझिस्टन्स ओळखायच्या रक्त तपासण्या

इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे शरीरात इन्सुलिन बनतंय पण यकृत, स्नायू आणि चरबीच्या पेशी त्याला दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन सोडून साखर आटोक्यात ठेवतं आणि हे वर्षानुवर्षं चालू शकतं, त्यामुळे उपाशीपोटी शुगर नॉर्मल आली की लोक निर्धास्त होतात, पण ती नॉर्मल ठेवायला किती इन्सुलिन लागतंय हे त्या रिपोर्टमध्ये दिसतच नाही. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी टेस्ट, ती पण उशिराच वाढते.

म्हणून फास्टिंग शुगर आणि फास्टिंग इन्सुलिन एकाच सॅम्पलमधून बघतात. दोन्हींचा गुणाकार करून ४०५ ने भागलं की होमा-आयआर, म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्स किती आहे याचा अंदाज देणारा आकडा, मिळतो, हे गणित १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मांडलं. समजा दोघांचीही शुगर ९२ आहे. एकाचं इन्सुलिन ६, त्याचा होमा १.४ च्या आसपास, दुसऱ्याचं १८, त्याचा थेट ४.१. नुसत्या शुगरवर दोघं सारखेच! साधारण २ ते २.५ च्या वर गेलं की शंका घेतात, पण सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा नाही, आणि इन्सुलिन मोजायची पद्धत लॅबनुसार बदलते म्हणून पुन्हा टेस्ट करताना लॅब तीच ठेवलेली बरी. सॅम्पलमधल्या लाल पेशी फुटल्या तर इन्सुलिन खोटं कमी येतं, केसांसाठी घेतात त्या बायोटिनच्या गोळ्यांनी पण काही मशीनवर आकडा चुकतो, तेव्हा गोळी चालू असेल तर आधीच सांगावं.

स्वस्तातला मार्ग म्हणजे लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी. ट्रायग्लिसराइडला (रक्तातली चरबी) एचडीएलने (चांगलं कोलेस्टेरॉल) भागायचं, ३ च्या वर आलं तर लक्ष द्यायचं. १८० आणि ३६ असेल तर ५, म्हणजे बरंच जास्त.

आपल्याकडे वजनावर विसंबून चालत नाही हे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून ठळकपणे पुढे आलं. २००४ मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो लॅन्सेटमध्ये छापून आला, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. त्यामुळे सडपातळ माणसालाही, विशेषतः मान काळवंडली असेल, पीसीओएस (बायकांमधला हार्मोन्सचा त्रास) असेल किंवा घरात डायबिटीस असेल तर डॉक्टरांना विचारून ही टेस्ट करायला हरकत नाही.

इन्सुलिनची इंजेक्शनं चालू असतील तर मात्र होमाचा उपयोग नाही, तिथे शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय हे सी-पेप्टाइडवरून, म्हणजे इन्सुलिन बनताना सोबत सुटणाऱ्या तुकड्यावरून, बघतात.