कुत्र्याच्या जखमेत काय टाकायचं?

भाद्रपद लागला की मराठवाड्यातल्या गावांची रात्रीची झोप उडते. गावठी कुत्र्यांच्या माजाचा मुख्य हंगाम हाच. एका कुत्रीमागे पाच-सात कुत्रे, त्यांची मारामारी, आणि सकाळी शेतातल्या आखाड्यावरचा राखणीचा कुत्रा मानेवर दोन बारीक भोकं घेऊन परत येतो. रक्त फारसं नसतं, म्हणून कुणी लक्ष देत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिथे गळू येतं, फुटतं, घाण वास सुटतो. पाऊस आणि माश्या दोन्ही असतातच.

या जखमेत फसवणूक आहे ती भोकाच्या आकाराची. कुत्र्याची मानेवरची कातडी सैल असते. सुळा रुतवून समोरचा कुत्रा मान झटकतो तेव्हा कातडी सुळ्याबरोबर सरकते, पण खालचा स्नायू फाटतो. वरचं भोक लवकर खपली धरतं. आत मात्र केस, माती, रक्त न पोचणारं मेलेलं मांस आणि जंतू कोंडले जातात. काही जंतू चावणाऱ्याच्या तोंडातले असतात, उदाहरणार्थ पाश्चुरेला. काही जखमी कुत्र्याच्याच कातडीवर एरवी निमूट राहणारे स्टॅफिलोकॉकस. या सगळ्यांशी लढताना मेलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि विरघळलेलं मांस म्हणजे पू.

लातूरकडच्या कारवान किंवा पश्मी जातीच्या शिकारी कुत्र्यांचा प्रकार थोडा वेगळा. त्यांची कातडी पातळ, त्यामुळे कुंपणाच्या तारेनेही ती लांबलचक उसवते. दिसायला ती जखम भयंकर वाटते, पण उघडी आणि धुता येण्याजोगी असते. मला विचाराल तर काळजी त्या दोन बारीक भोकांची जास्त करावी.

जखम दिसली की घरात पहिला प्रश्न येतो, ‘आता ह्याच्यात काय टाकू?’ उत्तरंही तयार असतात: हळद, काळं फिनेल, पेट्रोल, डांबर गोळी. हाच प्रश्न पहिल्या महायुद्धात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पडला होता. त्यांच्या पेनिसिलीनच्या शोधाला, म्हणजे १९२८ सालाला, तेव्हा अवकाश होता. फ्रान्समध्ये बुलोनच्या लष्करी रुग्णालयात सैनिकांच्या जखमांत कार्बोलिक आम्लासारखी जंतुनाशकं ओतली जात, तरी जखमा सडत. फ्लेमिंगनी काचेच्या नळीला आतून पोकळ, टोकदार फाटे काढले, फाटक्या जखमेच्या कोनाकोपऱ्यांसारखे. त्यात जंतू मिसळलेला द्रव भरला, मग जंतुनाशकाने नळी धुतली. फाट्यांमधले जंतू जिवंतच राहिले. शिवाय जंतुनाशकं जंतूंपेक्षा पांढऱ्या पेशींना जास्त मारत होती. लढणारे आपलेच शिपाई आधी पडत होते. त्यांचे वरिष्ठ अल्मरॉथ राइट यांचा आग्रह मिठाच्या पाण्याचा होता.

काळं फिनेल त्या कार्बोलिक आम्लाच्याच भावकीतलं. फरशीला ठीक, मांसाला नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर फेस येतो आणि औषध लागू पडल्याचं समाधान मिळतं. पण तो फेस आपल्याच पेशींमधल्या कॅटलेज नावाच्या विकराने (एन्झाइमने) तयार होणाऱ्या ऑक्सिजनचा असतो, आणि नवं मांस विणणाऱ्या पेशी त्यात होरपळतात. हळदीतल्या कुर्क्युमिनचा जंतूंवर परिणाम प्रयोगशाळेत दिसतो, हे खरं. मात्र डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि खोल जखमेत तिचा थर बसला की खाली काय चाललंय ते कळत नाही. वरवरच्या ओरखड्याला लावलीत तर माझं भांडण नाही.

तेव्हा आधी जखमेतली घाण बाहेर काढायची. मेडिकलमधली नॉर्मल सलाइनची बाटली सगळ्यांत बरी. ती नसेल तर अर्धा लिटर पाणी उकळून गार करावं आणि त्यात एक छोटा चमचा मीठ, सपाट भरून, विरघळवावं. रक्तातल्या क्षारांच्या जवळपास जाणारं हे प्रमाण आहे. साधं पाणी पेशींना फुगवतं आणि जास्त खारट पाणी सुकवतं, म्हणून अंदाजपंचे मूठभर मीठ नको. हातमोजे घालावेत. गरीब कुत्रासुद्धा दुखऱ्या जागी हात लागला की चावतो, त्यामुळे मऊ सुती पट्टीने तोंड बांधावं. पण तो धापा टाकत असेल किंवा ओकत असेल तर बांधू नये, कारण कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो. भोवतालचे केस कातरावेत. मग सुई काढलेल्या २० मिलीच्या सिरिंजने सलाइनची धार मारत राहावं, बाहेर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. जंतू जखमेवर एक बुळबुळीत थर विणतात आणि त्याआड औषधापासून लपतात. धार तो थर मोडते. शेवटी पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक वापरायचं तर फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ करून. बाटलीतलं तसंच ओतू नये. वाहतं भोक टाके घालून किंवा चिकटपट्टीने बंद करायचा मोह टाळावा. त्याला आतून भरत यायचं असतं.

‘कुत्रा चाटूनच बरी करतो’ असं म्हणतात. लाळेत लायसोझाइम हे जंतुनाशक विकर असतं, इतपत ते खरं. पण त्याच जिभेवर भरपूर जंतू असतात आणि सततच्या चाटण्याने नवी कातडी सोलून निघते. गळ्यात शंकूसारखा पट्टा घालावा. जुन्या प्लॅस्टिकच्या बादलीचा तळ कापूनही तो होतो, फक्त कडा बोथट करायला विसरू नये.

आणि मग किडे. क्रायसोमिया बेझियाना ही आपल्याकडची माशी जिवंत जनावराच्या जखमेच्या कडेला शंभर ते अडीचशे अंडी घालते. एका दिवसात अळ्या निघतात आणि जिवंत मांस पोखरत आत जातात. त्यांची श्वसनछिद्रं शेपटाकडे असतात, म्हणून त्या डोकं मांसात खुपसून शेपूट वर ठेवून राहतात. डांबर गोळीच्या उग्र वाफेने त्या वळवळत बाहेर येतात, हे खेड्यातलं निरीक्षण अचूक आहे. अडचण कुत्र्याची होते: गोळीतलं नॅप्थलीन पोटात गेलं की लाल रक्तपेशी फुटू शकतात.

सीताफळाचं तर आपल्याकडे विशेषच. बालाघाटच्या डोंगरात ते मोकाट उगवतं, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे. जनावराच्या जखमेत किडे पडले की त्याचा पाला वाटून भरायची रीत जुनी. तीत तथ्य आहे. बियांत आणि पानांत असलेली असिटोजेनिन्स नावाची विषारी द्रव्यं पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाची ऊर्जा बनवण्याची साखळी पहिल्याच टप्प्यावर तोडतात आणि कीटक मरतात. पण मायटोकॉन्ड्रिया कुत्र्यालाही असतात, आणि जीभ पोचेल ती जखम कुत्रा चाटतोच. बियांची पूड डोळ्यात गेली तर बुब्बुळाला गंभीर इजा होते. दिसणाऱ्या अळ्या चिमट्याने वेचाव्यात, जखम सलाइनने भरून पुन्हा वेचाव्यात. त्या कानात, डोळ्याजवळ किंवा खोल असतील तर घरी वेळ घालवू नये. भूल देऊनच त्या नीट निघतात.

जखम सुधारू लागली की तळाशी लालभडक, दाणेदार मांस दिसतं. ते पाहून घाबरून लोक पावडर मारतात. बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेलं हे नवं मांस आहे. आता आयोडिनही बंद करावं, सलाइन आणि रोज बदललेली स्वच्छ पट्टी पुरते.

दुखतंय म्हणून माणसाची गोळी देणं हा सगळ्यांत महागात पडणारा उपाय. डायक्लोफिनॅक आणि आयब्युप्रोफेन यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होतात. (डायक्लोफिनॅकवर जनावरांसाठी २००६ मध्ये बंदी आली ती मेलेली जनावरं खाणारी गिधाडं त्याने मरत होती म्हणून, पण कुत्र्यालाही ते सोसत नाही.) घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविकही नको. कातडीवरचे स्टॅफिलोकॉकस बहुधा ते मोडणारं विकर बाळगून असतात. कुत्रा खात नसेल, ताप १०३.५ फॅरनहाइटच्या वर असेल, जखम छातीवर, पोटावर किंवा सांध्यावर असेल तर तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

चावणारा कुत्रा अनोळखी असेल तर जखम छोटी असो की मोठी, रेबीजच्या लशीचं त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं, आधी लस दिलेली असली तरीही. धुताना आपल्या हातावरच्या ओरखड्याला लाळ लागली, तर तो हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावा आणि आपणही सरकारी दवाखान्यात जावं.