पिंप, बंब आणि दोन पास्कल

अमेरिकेत बार्बेक्यूचं वेड लागलेली माणसं धुरात मंद आचेवर मांस शिजवणाऱ्या एका उपकरणाला कौतुकाने ‘अग्ली ड्रम स्मोकर’ म्हणतात. नाव सार्थ आहे. ५५ गॅलनचं, म्हणजे साधारण २०८ लिटरचं लोखंडी पिंप. तळाजवळ पाऊण इंची तीन भोकं, आत कोळशाची जाळीदार टोपली, तिच्या दोनेक फूट वर मांस ठेवायची जाळी, आणि झाकणात धूर जायला वाट. संपलं. रात्री पेटवलेला कोळसा यात सकाळपर्यंत पुरतो आणि आतलं तापमान ११० अंश सेल्सिअसच्या आसपास टिकून राहतं. वीज नाही, थर्मोस्टॅट नाही.

टेक्सासमध्ये असताना मीही असं एक पिंप बनवलं. त्यातून निघालेली पहिली कोंबडी डांबर चाटल्यासारखी कडू होती. कोळसा चांगला, धुरासाठी टाकलेलं लाकूड वाळलेलं, मसाला घरचा. चूक शोधायला शेवटी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

हिशेब कोळशापेक्षा हवेपासून मांडला की सोपा होतो. एक घनमीटर हवेतला सगळा ऑक्सिजन वापरला, तर त्यात जेमतेम १०० ग्रॅम कार्बन जळतो आणि ३.४ मेगाज्यूल उष्णता मिळते. एक किलोवॉटचा हीटर तासभर चालवला तर ३.६ मेगाज्यूल. दोन्ही जवळजवळ सारखेच. पातळ पत्र्याचं पिंप ११० अंशांवर धरून ठेवायला एक ते दोन किलोवॉट लागतात, म्हणजे तासाला निदान एक-दोन घनमीटर हवा. याच पिंपाच्या मापाने पाच ते दहा पिंपं. टोपलीत कोळसा चार किलो आहे की सहा, यावर फक्त आग किती तास चालेल ते ठरतं. आत किती तापेल, ते ती भोकं ठरवतात.

मग ही हवा आत ओढतं कोण? ज्यांच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता त्यांना हे सांगायला नको. मधल्या नळीतली हवा तापते, हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी खालच्या जाळीतून थंड हवा येते आणि आग भणभणते. पिंपात हेच घडतं, फक्त फार हळुवार. ३० अंशांच्या हवेचं वजन घनमीटरला सुमारे १.१६ किलो, ११० अंशांच्या हवेचं ०.९२. पिंपाची उंची नव्वद सेंटिमीटरच्या आतबाहेर. गुणाकार केला की आत-बाहेरच्या दाबातला फरक निघतो दोन पास्कल. झेरॉक्सचे तीन कागद एकावर एक ठेवले तर मेजावर जेवढा दाब पडेल, साधारण तेवढा! एवढ्या दाबाने पाऊण इंची एका भोकातून तासाला घनमीटरभर हवा आत जाते. पिंपवाले स्वयंपाक सुरू झाल्यावर बहुतेक वेळ एखाद-दुसरंच भोक उघडं ठेवतात. हे त्यांना सवयीने जमलेलं असतं, पण गणितही तेच सांगतं.

दोन पास्कल हा आकडा मनात धरला की बाजारातले स्मोकर आणि त्यांच्यातल्या सुधारणा वेगळ्याच दिसायला लागतात. उभ्या, बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या स्मोकरला कोळसा टाकायला बाजूला दार असतं. पत्रा जरा वाकडा असला आणि दाराच्या साठ सेंटिमीटर कडेला एक मिलिमीटरची फट राहिली, तर तिचं क्षेत्रफळ होतं सहा चौरस सेंटिमीटर. आपलं पाऊण इंची भोक तीनसुद्धा नाही. म्हणजे तुम्ही खालचं भोक काळजीपूर्वक अर्धं बंद करता आणि दोन भोकांएवढी हवा दारातून आपसूक शिरत असते. म्हणून या दाराला उष्णता सोसणाऱ्या फेल्टची पट्टी चिकटवणं ही सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी सुधारणा. झाकणाजवळच्या फटीतून धूर निघताना दिसला की नवशिके हवालदिल होतात, पण ती फट तितकी त्रासाची नाही. निखाऱ्यांच्या पातळीवरची किंवा त्याखालची फट आगीला खाऊ घालते, वरची नाही.

आता माझी कोंबडी. धूर आत कोंडला की चव जास्त येईल, या समजुतीने मी वरची वाट जवळजवळ बंद केली होती. बंबाच्या नळीवर झाकण ठेवावं तसं. ओढ संपली, आग गुदमरली आणि लाकूड जळण्याऐवजी धुमसत राहिलं. लाकडातल्या लिग्निनचं उष्णतेने विघटन होऊन ग्वायाकॉल, सिरिंगॉल अशी संयुगं बनतात. धुराचा तो हवाहवासा वास त्यांचा. पण धुमसणाऱ्या आगीतून त्यांच्याबरोबर डांबरी थेंबही निघतात आणि थंड मांसावर जाऊन बसतात. डोळ्यांनीही हे ओळखता येतं. चांगला धूर पातळ आणि निळसर दिसतो, कारण त्यातले कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान असतात. आकाश निळं दिसतं ते याच तत्त्वाने. कण मोठे झाले की धूर पांढराफटक होतो. तेव्हा वरची वाट सताड उघडी ठेवायची आणि लगाम खालून खेचायचा.

पेटवण्याचीही एक रीत आहे, जिम मिनियन यांच्या नावाने ओळखली जाणारी. टोपलीभर न पेटलेल्या कोळशावर मूठभर फुललेले निखारे ठेवायचे. आग एकेका कोळशाकडे सरकत जाते आणि कधीच आवाक्याबाहेर जात नाही. सगळा कोळसा एकदम पेटवून मग भोकं दाबत बसणं म्हणजे भरधाव बैलाच्या शेपटीला धरून त्याला थांबवणं.

विकत घ्यायचा असेल तर? सगळ्यात ओळखीची ती गोल केटल १९५२ मध्ये जॉर्ज स्टीफन यांनी बनवली. ते शिकागोच्या ज्या कारखान्यात काम करत तिथे पाण्यावर तरंगणारे बोये बनत. बोया मधोमध कापून त्यांनी झाकणाची शेगडी केली. एका कडेला कोळसा, दुसऱ्या कडेला मांस ठेवलं की तिचा बऱ्यापैकी स्मोकर होतो. सुरुवातीला एवढं पुरे. मातीच्या जाड भिंतींचा कामाडो उष्णता इतकी कमी गमावतो की त्याला हवा अगदी थोडी लागते. कोळसा वाचतो, पण एवढ्याशा आगीत लाकूड नीट जळत नाही. टेक्सासचा खरा मानबिंदू म्हणजे आडवा ऑफसेट, आगीची पेटी बाजूला असलेला आणि तेलाच्या जाड पाइपांपासून किंवा गॅसच्या टाक्यांपासून वेल्डरांनी घडवलेला. त्यात मुख्यतः ओकचं लाकूडच जाळतात. पाव इंची पत्र्याचा असेल तर तो उत्तम. स्वस्तातला, पातळ पत्र्याचा असेल तर रात्रभर जागायची तयारी ठेवा.

हवेचा आणखी एक परिणाम उशिरा लक्षात येतो. ब्रिस्किटचा, म्हणजे बीफच्या छातीचा मोठा तुकडा आतून ६५ ते ७० अंशांना पोचला की काही तास तापायचंच थांबतो. कारण माठाचं: पृष्ठभागावरचं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. स्मोकरमधून जितकी जास्त हवा वाहते तितकी ही अडवणूक लांबते. मांस कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळलं की बाष्पीभवन थांबतं आणि पारा पुन्हा चढू लागतो.

पिंप स्वतः बनवणार असाल तर आतून रंग किंवा अस्तर नसलेलं घ्या, नाहीतर आधी मोठी आग करून ते अस्तर पूर्ण जाळून काढा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा जाळी निखाऱ्यांजवळ नको, कारण जस्ताच्या वाफेने ताप भरतो. आणि कमी हवेतला कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतोच. स्मोकर मोकळ्यावर ठेवायचा, गॅरेजचं दार उघडं आहे ही सबब चालत नाही.

माझ्या पिंपाच्या भोकांना झडपा नाहीत. फ्रिजवर लावायची चपटी मॅग्नेटं मी त्यांवर सरकवतो. खालून थंड हवा येत असल्याने ती तापत नाहीत. मांस उतरवलं की तिन्ही भोकं आणि वरची वाट बंद. तासा-दोन तासांत आग विझते, आणि सकाळी टोपलीत अर्धा कोळसा काळाच्या काळा शिल्लक असतो, पुढच्या रविवारसाठी.