निर्यात वायुवाहिनी

निर्यात वायुवाहिनी म्हणजे नैसर्गिक वायू विक्रीसाठी एका देशातून दुसऱ्या देशात नेणारी उच्च दाबाची पोलादी वाहिनी. शहरातली वितरणवाहिनी वेगळी. कोथरूड-औंधच्या सोसायट्यांच्या भिंतींवरून चढत जाऊन ओट्याशेजारच्या मीटरपाशी थांबणारा पिवळा पाइप ही वितरणाची शेपटी. पुण्याला वायू मिळतो तो गेल या सरकारी वायू कंपनीच्या दहेज-उरण-पनवेल वाहिनीतून, घाट चढून. परदेशातून निघालेली एकही निर्यातवाहिनी भारतात येत नाही. तरीही पुण्यातल्या रिक्षाचे भाडे अशाच एका वाहिनीने वाढवले आहे.

तेलाचे जहाज गिऱ्हाईक असेल तिकडे वळवता येते, पुरलेला पाइप वळत नाही. या धंद्याचे सगळे अर्थकारण या एका अडचणीतून निघते. पहिला घनमीटर वाहण्याआधीच पोलाद, खोदाई, जमिनीचा मोबदला आणि वाटेत वायूचा दाब टिकवणारी कॉम्प्रेसर केंद्रे यांवर बहुतेक पैसा खर्च झालेला असतो. रोजचा चालवण्याचा खर्च त्या मानाने किरकोळ. त्यामुळे वाहिनी भरून वाहिली तरच परवडते; अर्धी रिकामी गेली की प्रत्येक घनमीटरवरचा भांडवली बोजा दुप्पट. पाइपाचा व्यास दुप्पट केला, तर त्याच दाबाला वहनक्षमता साधारण साडेपाचपट होते आणि खर्च तेवढा चढत नाही. म्हणून प्रत्येकाला मोठी वाहिनी हवी असते, आणि ती भरण्याइतके गिऱ्हाईक बांधून ठेवावे लागते.

बांधण्याची दोरी म्हणजे वीस-पंचवीस वर्षांचा करार आणि त्यातले ‘उचला, नाहीतर पैसे भरा’ हे कलम. ठरलेल्या मालाचा मोठा हिस्सा खरेदीदाराने घेतला नाही तरी त्याचे पैसे द्यायचे. बँका कर्ज देतात ते या कलमाकडे पाहून. दराची जुनी रीत नेदरलँड्सची. १९५९ मध्ये तिथल्या ग्रोनिंगेन भागात वायूचे प्रचंड साठे सापडल्यावर तिथल्या सरकारने वायूचा भाव उत्पादनखर्चावर न ठरवता, गिऱ्हाईक त्याऐवजी जे तेल जाळेल त्याच्या भावाशी जोडला. पुढे कित्येक दशके युरोपात हीच पद्धत चालली.

तिसरा देश वाटेत आला की गुंता वाढतो. पाइप पुरून झाल्यावर पारगमन शुल्क, म्हणजे आपल्या हद्दीतून वायू जाऊ देण्याचे भाडे, वाढवून मागणाऱ्याला नाही म्हणणे अवघड असते. इराण-पाकिस्तान-भारत वाहिनीची बोलणी वर्षानुवर्षे वायूचा भाव, पाकिस्तानला द्यायचे शुल्क आणि सुरक्षितता यांवर अडली. त्यात अमेरिकेचा इराणविरोध. २००९ च्या सुमारास भारत बाजूला झाला. तुर्कमेनिस्तानहून अफगाणिस्तान-पाकिस्तानमार्गे पंजाबातल्या फाजिल्का इथे यायच्या वाहिनीचा करार २०१० चा, क्षमता वर्षाला ३३ अब्ज घनमीटर. तुर्कमेनिस्तानात काम २०१५ च्या डिसेंबरात सुरू झाले. फाजिल्का अजून वाट पाहत आहे.

भारताने मग जहाजांचा रस्ता धरला. वायू द्रवरूप करून आणायचा, म्हणजे एलएनजी. कतारशी १९९९ मध्ये वर्षाला ७५ लाख टनांचा करार झाला आणि २००४ मध्ये दहेजचे टर्मिनल सुरू झाले. जहाजे आली तरी दोरी तीच होती. २०१५ मध्ये खुल्या बाजारात वायू स्वस्त झाला, भारतीय कंपनीने ठरल्यापेक्षा बराच कमी माल उचलला आणि दंडाचा प्रश्न उभा राहिला. वर्षअखेरीस कतारने दंड सोडला, भावाचे सूत्रही बदलून दिले. करार कागदावर कितीही पक्का असला तरी भाव फार फाटला की दोघांनाही पुन्हा बसावे लागते.

आता रिक्षाचे. रशिया-जर्मनी नॉर्ड स्ट्रीम वाहिनी २०११ मध्ये सुरू झाली. लांबी १,२२४ किलोमीटर, क्षमता वर्षाला ५५ अब्ज घनमीटर, मार्ग समुद्राखालून, म्हणजे वाटेत पारगमनाचा देशच नको. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर २०२२ च्या उन्हाळ्यात तिचा पुरवठा घटत घटत बंद पडला आणि २६ सप्टेंबरला ती स्फोटांनी फुटली. शेजारची दुसरी वाहिनी २०२१ मध्ये बांधून पूर्ण झाली होती. तिच्यातून कधीच विक्री झाली नाही. युरोप एलएनजीच्या जहाजांवर तुटून पडला आणि खुल्या बाजारात भाव भडकले. इकडे भारतातल्या जुन्या विहिरींच्या वायूचा दरही २०१४ च्या सूत्राने परदेशी बाजारांना जोडलेला होता, त्यात रशियाचा भावसुद्धा होता. त्यामुळे शहरांच्या सीएनजीसाठी दिला जाणारा मुंबई हायचा वायू, जो कुठल्या जहाजातून आला नव्हता, तोही दर दहा लाख बीटीयूला (बीटीयू हे उष्णतेचे माप) २.९० डॉलरवरून एप्रिल २०२२ मध्ये ६.१० आणि ऑक्टोबरमध्ये ८.५७ डॉलर झाला.

राज्य सरकारने १ एप्रिल २०२२ पासून नैसर्गिक वायूवरचा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला होता. पुण्यात सीएनजी त्या दिवशी स्वस्त झाला खरा, पण ऑगस्टपर्यंत तो किलोला नव्वदीच्या घरात गेला. १ सप्टेंबरपासून पहिल्या दीड किलोमीटरचे रिक्षाभाडे २१ रुपयांवरून २५ झाले, पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १४ ऐवजी १७.

केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये ते सूत्रच काढले. जुन्या विहिरींचा दर आता कच्च्या तेलाच्या भावाच्या १० टक्के, तळ ४ डॉलर, सुरुवातीची कमाल मर्यादा ६.५ डॉलर. भाव असा बांधला, तरी या विहिरींचा वायू सगळ्या शहरांना पुरत नाही. २०२४ च्या अखेरीस शहर-वितरण कंपन्यांच्या वाट्याला कात्री लागली आणि तूट महाग वायूने भरावी लागली.

ऊर्जावापरात वायूचा वाटा सुमारे ६ टक्क्यांवरून २०३० पर्यंत १५ टक्के करायचे भारताचे उद्दिष्ट आहे. कतारचा करार फेब्रुवारी २०२४ मध्ये २०२८ पासून आणखी २० वर्षांसाठी वाढवला गेला. त्याच वर्षीच्या जुलैत पुण्याच्या बजाज ऑटोने सीएनजीवर चालणारी मोटारसायकल बाजारात आणली. विजेवर चालणाऱ्या रिक्षाही तीच कंपनी विकते.